ट्रायम्फ टीआर५ ट्रॉफी : रानात नेणारी आणि त्याच संध्याकाळी घरी आणणारी गाडी

पाणंदवाट

नमस्कार मंडळी,

जुन्या ब्रिटिश गाड्यांचा विषय निघाला की आपल्या गप्पा बुलेटपासून सुरू होतात आणि बीएसए, नॉर्टनवरून फिरून परत बुलेटवर येतात. मला आज लिहायचंय ते ट्रायम्फ टीआर५ ट्रॉफीबद्दल. ही गाडी १९४९च्या हंगामासाठी आली आणि १९५८पर्यंत बनत राहिली. आज शोरूममध्ये ॲडव्हेंचर, स्क्रॅम्बलर, ड्युअल-स्पोर्ट असे शब्द सर्रास ऐकू येतात. एकाच गाडीनं डांबरावरही नीट चालावं आणि चिखलातही मान टाकू नये, ही जी मागणी त्यामागे आहे, ती टीआर५इतकी मनापासून पुरी केलेली गाडी मला दुसरी माहीत नाही.

आधी नावाची गोष्ट. इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल ही १९१३ साली इंग्लंडमधल्या कार्लाइलला सुरू झालेली स्पर्धा. सहा दिवस रोज ठरलेल्या वेळात ठरलेलं अंतर कापायचं. डोंगर, ओढे, जंगल, मधेच डांबर, सगळं त्यात. गाडीच्या मुख्य भागांवर आधीच खुणा करून ठेवलेल्या, म्हणजे रात्रीत इंजिन बदलायची सोय नाही. वाटेत काही मोडलं तर चालवणाऱ्यानंच, जवळच्या हत्यारांनी दुरुस्त करायचं. १९४८ साली ही स्पर्धा इटलीत सॅन रेमोला झाली आणि ब्रिटननं मुख्य ट्रॉफी जिंकली. त्या संघात ॲलन जेफ्रीज ट्रायम्फवर होता. कंपनीनं त्या अनुभवावर गाडी बांधली आणि जिंकलेल्या ट्रॉफीचंच नाव तिला दिलं. त्यानंतर १९५१पर्यंत दरवर्षी ती ट्रॉफी ब्रिटनकडेच राहिली.

आता इंजिन. ४९८ सीसी, दोन सिलिंडर शेजारी शेजारी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६३ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८०. हे मूळ ट्रायम्फचा डिझायनर एडवर्ड टर्नर याच्या स्पीड ट्विन गाडीचं इंजिन, १९३७ साली जगासमोर आलेलं. पण टीआर५वर लोखंडी ब्लॉकऐवजी ॲल्युमिनियमचा चौकोनी ब्लॉक आणि हेड बसवलं, आणि ते आलं कुठून? दुसऱ्या महायुद्धात ट्रायम्फनं हवाई दलासाठी छोटे जनरेटर बनवले होते. ते हलके हवेत म्हणून त्यांचं सिलिंडर ॲल्युमिनियमचं होतं. युद्ध संपल्यावर तोच ब्लॉक शर्यतीच्या गाडीवर चढला आणि एर्नी लायन्सनं १९४६ची सीनियर मँक्स ग्रां प्री ही आइल ऑफ मॅन बेटावरची शर्यत अशा इंजिनावर, भर पावसात जिंकली. त्यातून ट्रायम्फची ग्रां प्री ही रेसिंग गाडी निघाली. टीआर५ला तेच ॲल्युमिनियम मिळालं, पण स्वभाव पूर्ण वेगळा दिला : एकच कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन (पेटण्याआधी सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) फक्त ६ला १, आणि ताकद सुमारे २५ हॉर्सपॉवर.

कॉम्प्रेशन इतकं कमी का, याला दोन कारणं. त्या काळी ब्रिटनमध्ये 'पूल' पेट्रोल मिळायचं, सगळ्या कंपन्यांचं एकत्र केलेलं, हलक्या प्रतीचं. १९५३पर्यंत तेच चाललं. जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात ते ठोकायला लागायचं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कमी कॉम्प्रेशन आणि जड फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाची फिरती लय टिकवणारं जड चाक, एकत्र आलं की इंजिन अगदी हळू फिरतानाही मरत नाही. ओल्या गोट्यांच्या चढावर क्लच न दाबता, थ्रॉटल जेमतेम उघडून, गाडी नांगराला जुंपलेल्या बैलासारखी ओढत राहते. मागचं चाक एकदम भिरभिरत नाही, त्यामुळे पकड सुटत नाही. ऑफरोडचं सगळं मर्म मला इथे दिसतं. ताकद किती यापेक्षा ती किती हळुवार सोडता येते, यावर चढ पार होतो की नाही हे ठरतं.

बाकीची गाडी याच विचारानं बांधलेली. कोरडं वजन सुमारे २९५ पाउंड, म्हणजे १३४ किलो. पाचशे सीसीच्या दोन सिलिंडरच्या गाडीला हे वजन त्या काळात फार कमी होतं. व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, ५३ इंच, रस्त्यावरच्या ट्रायम्फपेक्षा आखूड, म्हणून अरुंद वळणावर गाडी पटकन फिरायची. पुढचं चाक २० इंची, मागे १९ इंची जाड टायर. टाकी लहान. दोन्ही एक्झॉस्ट पाइप डाव्या बाजूला वर नेऊन एकाच सायलेन्सरमध्ये मिळवलेले, म्हणजे ओढ्यात पाणी शिरायचं नाही आणि दगडावर पाइप आपटायचा नाही. हेडलाइट प्लग काढून पटकन उतरवता यायचा.

तो उतरणारा हेडलाइट माझ्या दृष्टीनं या गाडीची खरी ओळख आहे. १९४९च्या ब्रिटनमध्ये पेट्रोल रेशनवर होतं, मोटारी थोड्यांकडेच होत्या. सामान्य कामगाराकडे एकच गाडी. सोमवार ते शनिवार तिच्यावर कारखान्यात जायचं. रविवारी पहाटे त्याच गाडीवर ट्रायलच्या जागी पोचायचं, दिवा उतरवून ठेवायचा, दिवसभर चिखलात झुंजायचं, संध्याकाळी दिवा परत लावून घरी यायचं. ट्रेलर नाही, मदतीला टेम्पो नाही. दुहेरी कामाची गाडी म्हणजे नेमकी ही.

तुमचे अनुभव, शंका, मतभेद सगळं येऊ द्या.

---

सरळरस्ता

छान माहिती. पण एक शंका मोकळेपणानं विचारतो. २५ हॉर्सपॉवर, मागे सस्पेन्शन नाही, ड्रम ब्रेक. आजची दोनशे सीसीची साधी ऑफरोड गाडीही हिला सहज मागे टाकेल. मग हे आकर्षण गाडीचं आहे की जुन्या काळाचं?

---

पाणंदवाट

@सरळरस्ता, शंका रास्त आहे. वेग आणि सस्पेन्शनमध्ये आजची दोनशे सीसी जिंकेल, त्यात वाद नाही. पण मागे सस्पेन्शन नसण्याचा ट्रायलमध्ये तोटा आपल्याला वाटतो तेवढा नव्हता. ट्रायल म्हणजे शर्यत नाही. ठरावीक अवघड टप्पा पाय खाली न टेकता पार करायचा, पाय टेकला की गुण जातात. तिथे वेग चालण्याइतकाच असतो. चालवणारा फुटरेस्टवर उभा असतो, गुडघे आणि कोपरं हेच त्याचं सस्पेन्शन. मागचं चाक फ्रेमला घट्ट असलं की खाली काय चाललंय ते पायांना थेट कळतं. त्या काळच्या कित्येक नावाजलेल्या ट्रायलवाल्यांना म्हणूनच रिजिड फ्रेमच पसंत होती.

आणि आकर्षण इंजिनाचं आहेच. दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली होतात आणि प्रत्येक फेरीला एक स्फोट, सारख्या अंतरानं. मोठ्या सिंगलचा (एका सिलिंडरच्या गाडीचा) दणका नाही, आणि हाय-रेव्हिंग गाडीसारखं वरच्या आरपीएमची (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची) वाट बघणं नाही.

---

मिस्त्रीची लेक

पाणंदवाट दादा, धागा वाचून खूप आनंद झाला. आमचं कोल्हापूरला गॅरेज होतं. बाबांच्या हाताखाली मी लहानपणापासून पाने देत वाढले. युद्धानंतर डिस्पोजलमध्ये निघालेल्या बीएसए एम२० या लष्करी गाड्या बाबांनी खूप हाताळल्या, ट्रायम्फ मात्र क्वचितच यायची. म्हणून दोन गोष्टी मिस्त्रीच्या बाजूनं सांगते.

पहिली मॅग्नेटोची. यात ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. मॅग्नेटो स्वतः फिरून वीज तयार करतो. म्हणून हेडलाइट आणि वायरिंग उतरवून ठेवलं तरी इंजिनाला काही फरक पडत नाही. रानात बॅटरी बसली, वायर तुटली, तरी गाडी किकवर सुरू. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण मेली की रानात हाल होतात. मात्र मॅग्नेटोची कॉइल जुनी झाली की थंड असताना ठिणगी चांगली देते आणि तापली की बंद पडते. गाडी गार झाल्यावर पुन्हा सुरू होते, मग माणूस कार्ब्युरेटर उघडून बसतो आणि दोष भलतीकडेच असतो. गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, असं दिसलं की आधी मॅग्नेटो तपासायचा.

दुसरी ॲल्युमिनियमची. हलकं आहे, उष्णता लवकर सोडतं, चढावर हळू चालवताना हे फार उपयोगी. वारा लागत नसतो ना तेव्हा. पण त्यातले आटे मऊ. लोखंडी ब्लॉकच्या सवयीनं बोल्ट आवळला की आटे उपटून येतात. टॉर्क पाना लावायचा, आणि गरम इंजिनावर हेडचे बोल्ट कधीच सोडायचे नाहीत.

आणि कुणी स्प्रंग हब लावलेली ट्रायम्फ घेणार असेल तर एक विनंती : ते हब स्वतः उघडू नका. टर्नरनं मागच्या चाकाच्या हबच्या आतच स्प्रिंगा बसवल्या होत्या, हालचाल जेमतेम दोन इंचांची. आत त्या जबरदस्त दाबून भरलेल्या असतात. योग्य हत्यार नसताना उघडलं तर झाकण गोळीसारखं सुटतं.

---

सह्यवारा

@मिस्त्रीची लेक, ताई, मॅग्नेटोचा मुद्दा वहीत लिहून ठेवला.

मला सॅन रेमोच्या त्या स्पर्धेत आपला एक धागा दिसतो. १९४८च्या त्याच विजेत्या ब्रिटिश संघात रॉयल एनफिल्डचे दोघे होते, व्हिक ब्रिटन आणि चार्ली रॉजर्स. त्यांच्याकडे नवीन ३५० बुलेटचे नमुने होते आणि त्यांना मागे स्विंगआर्म, म्हणजे चाकासह वर-खाली हलणारा सस्पेन्शनचा दांडा, होता. ट्रायलमध्ये मागे सस्पेन्शन हवं कशाला, असंच तेव्हा बहुतेकांचं मत होतं, वर पाणंदवाट यांनी लिहिलंय तसंच. दोघांनीही सुवर्णपदक मिळवलं. १९४९साठी तीच बुलेट विक्रीला आली.

पुढे व्हिकचा मुलगा जॉनी ब्रिटन यानं बुलेटवर १९५२ आणि १९५७ असं दोनदा स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकलं (ही वेगळी स्पर्धा, स्कॉटलंडमधली, पाय न टेकता टप्पे पार करायची). त्याच्या गाडीचा नंबर एचएनपी ३३१, तो आजही ट्रायलवेड्या लोकांच्या तोंडी आहे. आणि १९५५मध्ये मद्रास मोटर्ससोबत एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट आपली झाली. आपण दूधवाल्याच्या, फौजदाराच्या गाडीच्या रूपात बुलेट पाहिली, पण तिच्या स्विंगआर्मची परीक्षा डोंगरदऱ्यांत झालेली आहे. मला तरी टीआर५पेक्षा ती बुलेट पुढचा विचार केलेली वाटते. ट्रायम्फनं टीआर५ला स्विंगआर्म फ्रेम १९५५ला दिली.

---

पाणंदवाट

@सह्यवारा, स्विंगआर्मच्या बाबतीत एनफिल्ड पुढे होती, मान्य. फ्रेममध्ये बुलेट पुढे आणि इंजिनाच्या गुळगुळीतपणात टीआर५, असं मी म्हणेन.

---

जावाप्रेमी

तुम्ही सगळे ब्रिटिशांचंच कौतुक करताय म्हणून आठवण करून देतो. १९४७ला हीच ट्रॉफी चेकोस्लोव्हाकियानं जिंकली. १९५२ला पुन्हा तेच, आणि १९५४ला तर थेट वेल्समध्ये, ब्रिटिशांच्या अंगणात जाऊन त्यांनी ती नेली. जावा आणि सीझेडच्या टू-स्ट्रोक गाड्या! हलक्या, सुटे भाग कमी, वाटेत दुरुस्तीला सोप्या. तीच जावा १९६१पासून म्हैसूरला बनायला लागली आणि आमच्या सोलापूर भागात डॉक्टर, शिक्षक, ऊसवाले सगळे तिच्यावर फिरले. चिखलातून जावा काढताना तिचं वजन किती कमी आहे हे हाताला कळायचं. २९५ पाउंडाचं एवढं कौतुक, पण हलकेपणाच्या वाटेनं शेवटपर्यंत गेले ते चेक लोक.

---

पाणंदवाट

@जावाप्रेमी काका, अगदी बरोबर बोललात. ब्रिटिश फोर-स्ट्रोकचा शेवट टू-स्ट्रोकनंच केला. सॅमी मिलर हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. एरियल एचटी५ या पाचशेच्या सिंगलवर, जीओव्ही १३२ या नंबरच्या गाडीवर, त्यानं वर्षानुवर्षं ट्रायल गाजवली. ती गाडी तो सतत घासून, कापून हलकी करत राहिला. १९६४च्या शेवटी तो स्पेनच्या बुल्टाकोकडे गेला आणि १९६५चं स्कॉटिश सिक्स डेज त्यांच्या अडीचशेच्या टू-स्ट्रोकवर जिंकलं. त्यानंतर मोठ्या ब्रिटिश गाड्यांना ट्रायलमध्ये जागाच उरली नाही.

पण यात एक गोष्ट निसटली. बुल्टाकोवर बसून माणूस रोज कारखान्यात जाणार नव्हता. सीट नावाला, टाकी छोटी, स्पर्धेपुरती बांधलेली. तिथून पुढे ट्रायलची गाडी व्हॅनमधून जायला लागली. स्पर्धा पुढे गेली, आणि एका गाडीत दोन्ही कामं ही गोष्ट मागे पडली. मला टीआर५ आवडते ती ही गोष्ट टिकवून धरणारी म्हणून.

---

वाळवंटी

मी कॅलिफोर्नियात असतो, म्हणून इथली बाजू सांगतो. टीआर५चीच मोठी बहीण टीआर६ ट्रॉफी १९५६ला आली, ६५० सीसी. ती लोकप्रिय झाली ती इथल्या मोहावी वाळवंटात. इथे गोटे आणि चिखल कमी. मैलोन् मैल वाळू, खडी, कोरडे नदीपात्र. इथे हळू चालून भागत नाही, वेग ठेवावा लागतो, नाहीतर पुढचं चाक वाळूत रुततं. लोक टीआर६चं अनावश्यक सगळं काढून टाकायचे, इंजिनाखाली पत्रा ठोकायचे, मोठा एअर फिल्टर आणि रुंद हँडल लावायचे. अशा गाडीला इथे डेझर्ट स्लेड म्हणतात.

इथला बड एकिन्स हा त्या वाळवंटी शर्यतींचा राजा. १९६३च्या 'द ग्रेट एस्केप' या प्रसिद्ध युद्धपटात तारांच्या कुंपणावरून मोटरसायकलची जी उडी आहे, ती त्यानंच मारली. सिनेमाचा नायक स्टीव्ह मॅक्वीन यानं ती मारलेली नाही, जरी पडद्यावर तो दिसतो. गाडी जर्मन सैन्याची दाखवलीय, पण रंग खरवडला तर खाली ट्रायम्फ टीआर६ निघेल.

पुढच्याच वर्षी, १९६४ला, पूर्व जर्मनीत एर्फुर्टला झालेल्या सिक्स डेजमध्ये मॅक्वीन आणि एकिन्स दोघंही अमेरिकेच्या संघात ट्रायम्फ घेऊन उतरले. एकिन्सचा पाय मोडला, मॅक्वीन पडल्यामुळे बाहेर गेला. पण त्याच संघातल्या डेव्ह एकिन्स (बडचा भाऊ) आणि क्लिफ कोलमन यांनी सुवर्णपदकं आणली. सिनेमा सगळ्यांना आठवतो, म्हणून या दोघांची नावं इथे मुद्दाम लिहितोय.

---

चाकणकर

वाचतोय आणि अभिमानही वाटतोय. ट्रायम्फची स्पीड ४०० आणि स्क्रॅम्बलर ४०० एक्स २०२३ला आली, आणि त्या आमच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात. माझ्याकडे स्क्रॅम्बलर ४०० एक्स आहे. ३९८ सीसी, ४० पीएस, पुढचं चाक १९ इंची. पाणंदवाट, तुमच्या कसोटीवर ही टीआर५ची वारस ठरते का?

---

पाणंदवाट

@चाकणकर, नुसत्या नावाची वारस नाही, बऱ्याच अंशी कामाचीही आहे. आठवडाभर ऑफिस, रविवारी कच्चा रस्ता आणि घरी परत, हे ती करते. फरक वजनाचा. तुमची गाडी पेट्रोलसह १८० किलोच्या आसपास. टीआर५चं १३४ हे कोरडं वजन आहे, म्हणून सरळ वजाबाकी करू नका. तरीही गाडी पडली आणि एकट्यानं उचलायची झाली की फरक कळतो.

एक विनंती : घाटातल्या कच्च्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, तीन हजारांच्या खाली आरपीएम ठेवून चालवून बघा. इंजिन कुठपर्यंत साथ देतं आणि कुठे धडधडायला लागतं, ते लिहा इथे.

---

चाकणकर

भोरच्या बाजूला जाऊन आलो. खडीच्या चढावर तीन हजारांच्या खाली धडधडते, क्लच थोडा धरावा लागतो. साडेतीनच्या वर मस्त ओढते. सिंगल आहे आणि फ्लायव्हील तितकं जड नसावं, त्यामुळे तुम्ही वर्णन केलेलं ते रेंगाळत ओढणं हिच्यात नाही. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करून बघायचा विचार आहे.

आणि खरी परीक्षा परतीच्या वाटेवर झाली. पाऊस पडून गेलेला, काळ्या मातीचा रस्ता. टायर आणि मडगार्डच्या मधे माती अशी बसली की चाक फिरेना. काठीनं उकरत उकरत डांबरावर आलो.

---

मिस्त्रीची लेक

@चाकणकर, दात कमी केला की डांबरावर वरच्या वेगाला आरपीएम चढतील, रोजचा हायवे असेल तर विचार करा. चेनही नव्यानं बसवून ताण तपासा.

काळ्या मातीला उपाय मडगार्डचा. कोकणातली जांभ्याची लाल माती निसरडी असते पण चिकटून बसत नाही. घाटावरची काळी माती टायरला थरावर थर चढवते. जुन्या ट्रायलच्या गाड्यांचे फोटो नीट बघा, पुढचं मडगार्ड आखूड आणि टायरपासून चांगलं उंच असतं. तुमच्या भागात पावसाळ्यात शेतरस्त्यानं जायचं असेल तर पुढचं मडगार्ड वर उचलून घ्या. टायरची हवा मात्र जास्त काढू नका, दगड लागला की रिम चेपते. आणि डांबरावर परत येताना हवा भरायला पंप जवळ ठेवा.

---

कॉव्हेंट्रीकर

उशिरा आलो. मी इथे वेस्ट मिडलंड्समध्ये राहतो. कॉव्हेंट्रीतला ट्रायम्फचा जुना कारखाना नोव्हेंबर १९४०च्या बॉम्बहल्ल्यात गेला. मग १९४२ला मेरिडन गावाजवळ नवा उभा राहिला. टीआर५ तिथलीच. तो कारखाना १९८३ला बंद पडला. आज तिथे घरं आहेत आणि रस्त्यांना ट्रायम्फच्या गाड्यांवरून बॉनव्हिल क्लोज, डेटोना ड्राइव्ह अशी नावं आहेत. मधे १९७३ला कारखाना बंद करायचं ठरलं तेव्हा कामगारांनी दारं अडवली, आणि पुढे १९७५पासून सहकारी तत्त्वावर स्वतः चालवला. सहकारी कारखान्याचे चढउतार आपल्या लोकांना चांगलेच ठाऊक, त्यामुळे हा भाग मला फार जवळचा वाटतो.

तिथून मोटारीनं थोड्याच अंतरावर बिकनहिलला नॅशनल मोटरसायकल म्युझियम आहे. ब्रिटिश गाड्यांचा एवढा मोठा संग्रह मी दुसरा पाहिला नाही. इकडे येणाऱ्यांनी एक अख्खा दिवस राखून ठेवावा.

---

पाणंदवाट

@कॉव्हेंट्रीकर, सहकारी कारखान्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की वाचेन. आणि एक विचारायचंय. काचेमागची गाडी पाहणं वेगळं. या गाड्या प्रत्यक्ष चिखलात चालताना कुठे बघायला मिळतात?

---

कॉव्हेंट्रीकर

काढतो धागा. चालताना बघायच्या तर मे महिन्याच्या सुमारास स्कॉटलंडला जा. फोर्ट विल्यमला स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल अजून होते, आणि तिच्या जोडीला किनलॉखलेव्हन गावात प्री-६५ ट्रायल असते, खास १९६५पूर्वीच्या घडणीच्या गाड्यांसाठी. बहुतेक सिंगल्स असतात, बीएसए, एरियल, बुलेटही. दोन सिलिंडरवाल्या थोड्या, पण आवाजानं लगेच ओळखू येतात. गावाच्या वर पाइपलाइन नावाचा टप्पा आहे, पाण्याच्या जुन्या पाइपांच्या कडेनं सरळ वर जाणारा खडकाळ चढ. गर्दी तिथेच होते, म्हणून सकाळी लवकर चढून जागा धरा. बूट चांगले घ्या, रेनकोट न्याच, आणि चढाच्या मध्यावर उभे राहा. खाली सगळेच जोरात येतात. कोण थ्रॉटल आवरून वर जातो आणि कुणाचं चाक भिरभिरतं, ते मध्यावरून दिसतं.